लस आली, साठाही आला, मग पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुली का करत नाहीत?

कुतूहल_क

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय. कुठल्याही देशात नव्या लसीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली की क्रम साधारण तोच दिसतो, आधी आरोग्य कर्मचारी, मग वयस्कर, मग जुने आजार असलेले, आणि धडधाकट सर्वसामान्य माणूस सगळ्यात शेवटी. उदाहरणार्थ भारतात कोविडची लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, १ मार्चला साठीच्या वरचे आणि आजार असलेले ४५ च्या वरचे, १ एप्रिलला ४५ च्या वरचे सगळे, आणि १ मे ला १८ वरचे. म्हणजे सर्वांपर्यंत यायला साडेतीन महिने गेले, आणि तेही नुसतं दार उघडायला, प्रत्यक्ष टोचून व्हायला त्यापुढे किती तरी.

मला समजून घ्यायचंय ते हे की गट, टप्पे, वयाचे दाखले, नोंदणी ह्या सगळ्यात जो वेळ जातो तो वाचवून पहिल्याच दिवशी "या आणि घ्या" केलं तर नक्की काय बिघडेल? आणि दुसरं, सर्वांना खुली केली की सुरुवातीला तोबा गर्दी आणि थोड्या आठवड्यांनी तीच केंद्रं ओस, हे का होतं? लस तीच, माणसं तीच, मग मधे काय होतं? ह्या कामात जे प्रत्यक्ष आहेत किंवा होते त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल. पक्षांचं राजकारण कृपया नको, तो विषय वेगळा.


आरोग्यवाट

सार्वजनिक आरोग्यात काम करतो, म्हणून जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

आधी साधं गणित करू. समजा देशात ५ कोटी प्रौढ आहेत, दोन डोस द्यायचेत, म्हणजे १० कोटी टोचण्या. सहा महिन्यांत संपवायचं म्हटलं आणि सुट्ट्या वगैरे वजा जाता कामाचे १५० दिवस धरले तर रोज साडेसहा लाखांच्या वर टोचण्या व्हायला हव्यात. एक टीम दिवसाला १०० माणसं करते असं धरलं तर रोज साडेसहा हजारांच्या वर टीम्स एकाच वेळी कामावर पाहिजेत, आणि टीम म्हणजे फक्त सुई धरणारी व्यक्ती नव्हे, नोंद घेणारा, ओळख तपासणारा, टोचल्यावर लक्ष ठेवणारा, रांग सांभाळणारा अशी चार-पाच माणसं. ही माणसं आभाळातून येत नाहीत, ती नेहमीच्या दवाखान्यांतूनच काढावी लागतात, आणि तिकडे बाळंतपणं, बाळांच्या नेहमीच्या लसी, बीपी-शुगरचे पेशंट हे काही थांबलेलं नसतं. त्यामुळे "साठा आला" हे वाक्य ऐकायला जितकं मोकळं वाटतं तितकं ते नसतं. साठा पण एकदम येत नाही, कारखान्यातून बॅच निघते, ती तपासली जाते, मग सुटते, मग पुढची.

आता क्रम. सुरुवातीला डोस कमी आणि माणसं जास्त असतात तेव्हा पहिला प्रश्न हा ठरवावा लागतो की आपल्याला आत्ता मृत्यू कमी करायचेत की प्रसार कमी करायचाय. दोन्ही पाहिजे असं सगळेच म्हणतात पण डोस मोजके असताना एकाला पुढे ठेवावंच लागतं. ब्रिटननं मृत्यू धरले. ८ डिसेंबर २०२० ला कोव्हेंट्रीत ९० वर्षांच्या मार्गारेट कीनन ह्यांना पहिली लस दिली आणि पुढचे नऊ गट जवळजवळ पूर्ण वयाच्या उतरंडीनं लावले, कारण कोविडमध्ये वय वाढेल तसा मृत्यूचा धोका फार वेगानं वाढत होता, इतका की बाकी कुठलाही निकष त्याच्यापुढे फिका पडत होता. इंडोनेशियानं उलटं केलं, आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर १८ ते ५९ ह्या कामकरी वयाला पुढे घेतलं, एक कारण म्हणजे त्यांच्या हातात जी लस होती तिच्या चाचण्यांचा आधार त्याच वयाचा होता, आणि दुसरं म्हणजे जो माणूस रोज बाहेर पडतो तोच आजार घरी नेतो हा विचार. वयस्करांसाठी माहिती आल्यावर त्यांनाही घेतलं. दोन्ही निर्णयांना तर्क होता, पण माझं स्वतःचं मत ब्रिटनच्या बाजूनं आहे. लस प्रसार किती थांबवते हे पहिल्या महिन्यात कुणालाच नीट ठाऊक नसतं, गंभीर आजार थांबवते हे चाचणीत दिसलेलं असतं. जे माहीत आहे त्यावर आधी पैज लावावी.

आणि "सगळ्यांना" हे प्रत्येक आजारात उद्दिष्ट असतंच असंही नाही. देवी संपवताना सुरुवातीचा विचार हाच होता की ८०-९० टक्के लोकसंख्येला टोचा. मग १९६६ च्या शेवटी पूर्व नायजेरियात अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी ह्यांच्याकडे लस पुरेशी नव्हती म्हणून त्यांनी जिथे रुग्ण सापडेल तिथे त्याच्या आजूबाजूच्यांना, संपर्कातल्यांना टोचायला सुरुवात केली, आणि साखळी तुटली. पुढे तीच पद्धत जगभर वापरली, १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये देवी गेल्याचं जाहीर झालं. पण देवीचा रुग्ण चेहऱ्यावरून ओळखता येत होता, लक्षणं दिसण्याआधी तो आजार पसरवत नव्हता. गोवराला ही पद्धत पुरत नाही, एक गोवराचा रुग्ण संरक्षण नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो, म्हणून तिथे ९५ टक्क्यांच्या आसपास दोन्ही डोस व्हावेच लागतात, एक-दोन वस्त्या राहून गेल्या तरी तो नेमका तिथेच शिरतो.

ओस पडण्याबद्दल नंतर लिहितो, ते मोठं आहे.


उलटतपासणी

आरोग्यवाट ह्यांचं गणित मान्य पण निष्कर्ष अर्धाच मान्य. टप्पे लागतात हे खरं, पण ते किती बारीक करायचे ह्याला काही सुमार हवा की नाही. प्रत्येक नवीन गट म्हणजे एक नवीन कागद तपासायचा, तो कागद तपासणारा माणूस बसवायचा, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याला परत पाठवायचं. आणि कागद कुणाकडे नसतो? ज्याला लसीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याचकडे, बेघर, स्थलांतरित मजूर, एकटी म्हातारी माणसं, ऑनलाइन नोंदणी न जमणारे. न्याय व्हावा म्हणून गट करायचे आणि त्या गटांच्या दारातच गरीब माणूस अडकायचा, हे किती तरी ठिकाणी झालंय.

भूतानचं बघा. जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्याकडे भारताकडून दीड लाख डोस आले होते, म्हणजे थोड्याफार लोकांना लगेच देता आले असते. ते थांबले. मार्चमध्ये आणखी चार लाख आले तेव्हा २७ मार्चला देशभर एकदम सुरू केलं, हजाराच्या वर केंद्रं, नारिंगी गणवेशातले स्वयंसेवक, डोंगरातल्या गावांना हेलिकॉप्टर, आणि दोन-तीन आठवड्यांत पात्र प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना पहिला डोस. वयाची उतरंड नाही, काही नाही. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यानं जे विचारलंय ते एका देशानं करून दाखवलंय.

इस्रायलचं पण एक आवडतं. त्यांनी साठीच्या वरच्यांना आधी घेतलं, पण संध्याकाळी कुपीत डोस उरले तर बाहेर जो उभा असेल त्याला दिले, वय काहीही असो. डोस कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी दंडात गेला, हा सरळ विचार. मला वाटतं नियम करताना असा एक दरवाजा मुद्दाम उघडा ठेवावा, नाहीतर खालचा कर्मचारी चौकशीच्या भीतीनं डोस फेकून देतो पण "अपात्र" माणसाला देत नाही.


आरोग्यवाट

भूतानचं उदाहरण चांगलं आहे पण दोन गोष्टी लक्षात घ्या. लोकसंख्या आठ लाखांच्याही आत, आणि त्यांच्याकडे तोपर्यंत कोविडचे मृत्यू अगदीच मोजके होते, सीमा घट्ट बंद होत्या. त्यांना दोन महिने थांबणं परवडलं. जिथे रोज माणसं जातायत तिथे दीड लाख डोस फ्रिजमध्ये ठेवून उरलेल्यांची वाट बघणं कुणाला शक्य नाही. पण "बारीक गट नकोत" आणि "उरलेला डोस दिलाच पाहिजे" ह्या दोन्हीला माझा शंभर टक्के पाठिंबा. माझ्या मते वय हा एकच निकष पुरे, कारण तो बहुतेक वेळा बघूनही कळतो.


थंडपेटी

मी लसीच्या साठवणीच्या बाजूचा माणूस, त्यामुळे माझ्या खोलीतून हे सगळं कसं दिसतं ते सांगतो. मोहिमेच्या चर्चेत हा भाग दोन ओळींत संपतो आणि प्रत्यक्षात निम्मं अपयश इथूनच येतं.

नेहमीच्या बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि लोकांना भीती फक्त उष्णतेची असते. पण किती तरी लसींचा खरा शत्रू अतिथंडी आहे. धनुर्वात, हिपॅटायटिस बी, त्रिगुणी ह्या लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो, त्या एकदा गोठल्या की परत वितळवल्या तरी कामातून गेल्या, आणि वरून कुपी बघून पटकन कळत पण नाही. त्यासाठी कुपी हलवून ठेवून गाळ किती वेगानं बसतो ते न गोठलेल्या कुपीशी ताडून बघावं लागतं. बर्फाच्या पिशव्या डीप फ्रीझरमधून काढून तशाच पेटीत ठेवल्या की पिशवीला लागून असलेली लस गोठते, म्हणून पिशव्या आधी बाहेर ठेवून घाम फुटू द्यायचा, आत पाणी हललेलं ऐकू आलं की मगच पेटीत भरायच्या. सकाळी घाईच्या वेळी नेमकं हेच राहतं. उष्णतेसाठी निदान कुपीवर खूण असते, गोलातला चौकोन, तो चौकोन गोलाच्या रंगाइतका गडद झाला की कुपी बाद. गोठण्यासाठी कुपीवर तशी खूण नसते.

आता कुतूहल ह्यांच्या प्रश्नाशी ह्याचा संबंध. समजा कुपीत दहा डोस आहेत. एकदा उघडली की काही लसी नीट ठेवल्या तर पुढच्या सत्राला चालतात, पण गोवर किंवा बीसीजीसारखी भुकटी विरघळवून केलेली लस जास्तीत जास्त सहा तास, नाहीतर सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते, मग फेकायचीच. सुरुवातीच्या गर्दीत हा प्रश्न येत नाही, दहाच्या दहा दंड रांगेत उभे असतात. पण गर्दी ओसरली, दिवसाला सात माणसं यायला लागली, की तीन डोस वाया. मग वरून विचारणा येते की तुमची नासाडी ३० टक्के का. मग केंद्र काय करतं, दहा माणसं जमल्याशिवाय कुपी फोडत नाही. मग जो आठवा माणूस अर्धा दिवस मजुरी बुडवून आलाय त्याला सांगतात उद्या या, आणि तो उद्या येत नाही. बघा, केंद्र ओस पडायचं एक कारण हे आहे, आणि ह्यात लोकांची अनास्था कुठेच नाही. माझं कळकळीचं म्हणणं आहे की मोहिमेच्या उत्तरार्धात नासाडीचा आकडा वाढणार हे धरूनच मागणी करावी. हिशेब सोपा आहे, २५ टक्के नासाडी धरली तर गरजेच्या १.३३ पट डोस मागवायचे. एका माणसासाठी कुपी फोडायला खालच्या माणसाला लेखी परवानगी असली पाहिजे.

कोविडमधली आणखी एक गोष्ट. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची, आणि कुपीवर पाच डोस लिहिलेले असायचे, पण सुईत-सिरिंजमध्ये कमी द्रव अडकणारी सिरिंज वापरली तर सहावा निघायचा. म्हणजे नुसत्या सिरिंजच्या निवडीनं साठा पाचाचा सहा. तेव्हा लस विकत घेताना सिरिंजचा विचार त्याच बैठकीत करायला हवा.


सिस्टर_सकाळपाळी

थंडपेटी दादांनी आठव्या माणसाचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण त्या माणसाला परत पाठवायचं काम आम्हालाच करावं लागतं आणि त्याचा चेहरा आम्हाला दिसतो.

मी नर्स आहे. सत्राच्या ठिकाणी काय असतं ते सांगते. सर्वसामान्यांना खुलं झालं की सगळ्यात मोठा फरक पडतो तो प्रश्नांचा. आरोग्य कर्मचारी येतात तेव्हा ते बाही वर करतात आणि बसतात. बाहेरची माणसं येतात ती मनात काहीतरी घेऊन येतात, मला बीपी आहे चालेल का, मी रक्त पातळ व्हायची गोळी घेते, मी गरोदर आहे, पाळी चालू आहे, गेल्या आठवड्यात ताप होता, शेजारणीला चक्कर आली होती. प्रत्येकाला एक-दोन मिनिटं लागतात आणि ती द्यायलाच पाहिजेत. वरून मात्र टार्गेट येतं १०० चं, आणि मग ही दोन मिनिटंच कापली जातात कारण सुई टोचणं तर कापता येत नाही. ज्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तो माणूस लस घेऊन जातो पण घरी जाऊन चांगलं सांगत नाही, मग त्याच्या घरचे चार जण येत नाहीत.

टोचल्यावर थांबवणं हे दुसरं. लोक चिडतात की उगाच १५ मिनिटं, अर्धा तास का बसवता. तीव्र ॲलर्जी फार दुर्मिळ असते, दहा लाखांत एखादी असं साधारण प्रमाण सांगतात, पण ती झाली तर मिनिटांचा खेळ असतो आणि ॲड्रेनलिन जवळ असलं तर माणूस वाचतो. ते किट टेबलावर आहे, त्याची तारीख उलटलेली नाही, आणि टीममधल्या प्रत्येकाला ते कसं द्यायचं येतं, हे सत्र सुरू व्हायच्या आधी बघायचं. त्याहून कितीतरी जास्त वेळा होतं ते म्हणजे भीतीनं चक्कर येणं, विशेषतः तरुण मुलामुलींमध्ये, आणि एकाला आली की शेजारच्याला येते. ह्यात नाटक नसतं, त्यांना खरोखर त्रास होत असतो. कोलंबियात कार्मेन दे बोलिव्हार गावात २०१४ मध्ये एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लसीनंतर शेकडो मुलींना असा त्रास झाला, त्याचे व्हिडिओ सगळीकडे पसरले, तपासात लसीचा दोष निघाला नाही, पण ९० टक्क्यांच्या वर असलेलं प्रमाण काही वर्षांत अगदी तळाला गेलं. म्हणून आम्ही मुलींना एकमेकींसमोर टोचत नाही, पडदा लावतो, खाऊन आलीस का विचारतो, चक्कर आली तर आडवं करून पाय वर घेतो आणि गर्दी हटवतो.

आणि तिसरं म्हणजे चूक. हे लिहिताना हात जड होतो पण लिहायलाच हवं. सामोआ ह्या छोट्या बेटांच्या देशात जुलै २०१८ ला दोन बाळं एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) टोचल्यावर मिनिटांत गेली. लस चांगली होती. भुकटी विरघळवायला पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध, तेही मुदत संपलेलं, वापरलं गेलं होतं. कार्यक्रम महिनोन् महिने बंद राहिला, लोकांचा विश्वास गेला, पहिल्या डोसचं प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली आलं. आणि २०१९ मध्ये गोवर आला. दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. डिसेंबरमध्ये सरकारनं दोन दिवस सगळं बंद ठेवलं, लस न घेतलेलं कुणी घरात असेल तर बाहेर लाल कापड बांधा सांगितलं आणि टीम्स घरोघर गेल्या.

मी हे नवीन मुलींना नेहमी सांगते, घाबरवायला नाही, तर लस आणि तिचं द्रावण एकत्रच का ठेवायचं आणि भूल किंवा इतर औषधं लसीच्या फ्रिजमध्ये का ठेवायची नाहीत हे नुसत्या नियमातून डोक्यात बसत नाही म्हणून. प्रत्येक कुपीचं लेबल मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं. गर्दी कितीही असो.

म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांना खुलं करा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे की पहिले काही आठवडे आम्हाला शिकायला लागतात. आरोग्य कर्मचारी आधी घेतात त्याचा एक फायदा हाही आहे की टीमचा हात बसतो, आणि मग गर्दीतला माणूस विचारतो "सिस्टर तुम्ही घेतली का" तेव्हा हो म्हणता येतं.


कुतूहल_क

सिस्टर, सामोआचं मला अजिबात माहीत नव्हतं, वाचून सुन्न झालो. मोठ्या मनानं लिहिलंत त्याबद्दल आभार.

ह्यातूनच पुढचा प्रश्न पडतो. मोठ्या संख्येनं लोकांना लस दिली की कुणाला तरी काहीतरी होणारच, मग ते लसीमुळे असो किंवा नसो. लसीनंतर मृत्यू अशी बातमी आली की सरकारनं काय करायचं? मोहीम थांबवली तर लोक म्हणतात बघा काहीतरी होतंच, नाही थांबवली तर म्हणतात लपवतायत.


आकडेमोड

ह्या प्रश्नाचा अर्धा भाग आकड्यांचा आहे तेवढा मी घेतो.

समजा ज्येष्ठांचा १० लाखांचा गट आहे आणि त्या वयात वर्षाला १०० मागे ३ मृत्यू होतात. म्हणजे लस नसतानाही वर्षाला ३० हजार, दिवसाला साधारण ८०, आठवड्याला पावणेसहाशे. आता ह्या सगळ्यांना एका दिवशी लस दिली आणि लसीचा त्यात काडीचा संबंध नसला तरी पुढच्या सात दिवसांत पावणेसहाशे माणसं "लस घेतल्यानंतर" गेलेली असतील. प्रत्येकाच्या घरच्यांना ते लसीमुळेच वाटणार, आणि त्यांना तसं वाटणं चुकीचं म्हणता येत नाही, त्यांच्या घरात ते त्याच क्रमानं घडलंय.

अमेरिकेत १९७६ ला हे अक्षरशः झालं. फेब्रुवारीत फोर्ट डिक्सच्या छावणीत स्वाइन फ्लू सापडला, अख्ख्या देशाला लस द्यायचं ठरलं, ऑक्टोबरमध्ये सुरुवात झाली, आणि थोड्याच दिवसांत पिट्सबर्गमध्ये एकाच ठिकाणी लस घेतलेली तीन वयस्कर माणसं गेली. काही राज्यांनी लगेच लस थांबवली. ते मृत्यू लसीचे नव्हते. पण पुढे गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार लस घेतलेल्यांत थोडा जास्त दिसायला लागला, साधारण लाखात एक जादा रुग्ण, आणि हा संबंध मात्र खरा निघाला. साथ आलीच नव्हती, त्यामुळे तेवढी जोखीमही घेण्याचं कारण उरलं नाही आणि डिसेंबरमध्ये ४ कोटींच्या वर लोकांना देऊन झाल्यावर कार्यक्रम बंद केला.

मला ह्यातून दिसतं ते असं की दोन्ही प्रकारच्या बातम्या एकाच मोहिमेत येतात, निव्वळ योगायोगाच्या आणि खऱ्याखुऱ्या, आणि दिसायला त्या सारख्याच असतात. फरक फक्त मोजूनच कळतो. आणि मोजायचं तर लसीच्या आधी, नेहमीच्या दिवसांत ह्या वयात किती हार्ट ॲटॅक, किती पक्षाघात, किती गर्भपात होतात हे आकडे मोहिमेच्या आधीच काढून ठेवलेले पाहिजेत. बातमी आल्यावर शोधायला बसलात तर उत्तर यायला तीन आठवडे लागतात आणि तोपर्यंत लोकांनी आपलं उत्तर ठरवलेलं असतं.


आरोग्यवाट

आकडेमोड ह्यांनी फार नेमकं मांडलंय. उरलेला अर्धा भाग बोलण्याचा, म्हणजे केंद्रं ओस का पडतात हा राहिलेला प्रश्न इथेच येतो.

थांबवायचं की नाही ह्याला एक ठराविक उत्तर नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओची लस एप्रिलमध्ये आली आणि काही आठवड्यांतच कटर कंपनीच्या काही बॅचेसमध्ये जिवंत विषाणू राहिल्याचं कळलं, मुलांना पांगळेपण आलं, दहा जण गेले. मे महिन्यात सगळं थांबवलं, प्रत्येक कारखाना तपासला, चाचण्या कडक केल्या आणि परत सुरू केलं, आणि त्यानंतर तिथला पोलिओ झपाट्यानं खाली आला. म्हणजे थांबल्यानं विश्वास जातोच असं नाही. का थांबलो, काय तपासतोय, परत कधी सांगणार हे सांगून थांबलं आणि तसं वागलं तर लोक समजून घेतात. उलट जपाननं जून २०१३ मध्ये एचपीव्हीच्या लसीची शिफारस "सक्रियपणे" करणं थांबवलं, बंदही केली नाही आणि ठामपणे घ्याही म्हटलं नाही. सत्तर टक्क्यांच्या आसपासचं प्रमाण एका टक्क्याच्या खाली गेलं आणि शिफारस परत यायला एप्रिल २०२२ उजाडलं. हा जवळजवळ नऊ वर्षांचा अधांतरी काळ मला सगळ्यात वाईट वाटतो, त्या वर्षांतल्या बहुतेक मुलींनी लस घेतलीच नाही आणि नक्की का हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही.

फिलिपाइन्सचं वेगळं. डेंग्यूची लस २०१६ पासून आठ लाखांहून जास्त मुलांना दिली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात पुढे आजार जास्त गंभीर होऊ शकतो. कार्यक्रम बंद झाला, पण लोकांनी गोवराच्या लसीवरही अविश्वास दाखवला, आणि २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली. लोक लसी वेगवेगळ्या धरत नाहीत, एका लसीचा राग सगळ्यांवर निघतो.

तर गर्दी आणि मग शुकशुकाट ह्याचं कारण माझ्या मते असं. सुरुवातीला येतो तो ज्याला लस हवीच होती, ज्याच्याकडे फोन, वेळ, वाहन आहे. ते संपले की उरतात दोन प्रकारचे लोक आणि आपण त्यांना एकाच नावानं हाक मारतो, "कचरणारे". त्यातले बरेच कचरत नसतातच, त्यांना सुट्टी मिळत नाही, केंद्र लांब आहे, लहान मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी जाहिरातीचा काही उपयोग नाही, संध्याकाळी उशिरापर्यंत केंद्र चालू ठेवणं आणि कामाच्या जागी टीम नेणं हाच उपाय. दुसरे खरोखर शंका असलेले. नायजेरियात कानो राज्यात २००३ मध्ये पोलिओचे थेंब नको म्हणून बहिष्कार पडला, लस वंध्यत्व आणते अशी समजूत होती, आणि तिथला विषाणू पुढे आफ्रिकेतले कितीतरी देश ओलांडून इंडोनेशियापर्यंत पोचला. बहिष्कार २००४ मध्ये सुटला तो वरून हुकूम आल्यानं सुटला नाही, तिथल्या धार्मिक आणि पारंपरिक नेत्यांना तपासणीत सामील करून घेतलं, त्यांचा विश्वास असलेल्या देशात बनलेली लस आणली, तेव्हा सुटला. भारतातही पोलिओच्या शेवटच्या वर्षांत हेच केलं, मशिदीतून, शाळांतून, ओळखीच्या बायकांमार्फत, रेल्वे स्टेशनांवर, वीटभट्ट्यांवर टीम नेऊन. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला शेवटचा रुग्ण, आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र.


उलटतपासणी

कानो आणि हावड्याच्या उदाहरणांनी माझाच मुद्दा पक्का होतो. मोहिमेचा सगळा पैसा, सगळी माणसं पहिल्या दोन महिन्यांच्या गर्दीसाठी लावतात, मोठे मांडव, फोटो, रोजचा आकडा. खरं अवघड काम शेवटच्या २० टक्क्यांचं, आणि तोपर्यंत पैसा संपलेला, माणसं दमलेली, वरच्यांचं लक्ष दुसरीकडे. निधी ठरवतानाच एक हिस्सा शेवटासाठी बाजूला काढून ठेवा, त्याला आधी हात लावायचा नाही. सुरुवातीची गर्दी तशीही येते, तिला बोलवायला खर्च लागत नाही.


कुतूहल_क

खूप काही मिळालं. शेवटचं एकच विचारतो. आमच्यासारखी काही साधी माणसं स्वयंसेवक म्हणून उतरली तर सर्वांना खुली झाल्यावर नेमकं काय करावं? मांडवात पाणी वाटण्यापलीकडे काही उपयोग होतो का?


सिस्टर_सकाळपाळी

होतो, फार होतो. पाणी पण लागतं, ते काम लहान नाही.

पण खरी गरज यादीवर बसणाऱ्या माणसाची असते. दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेलेले कोण आहेत हे यंत्रात असतं पण ते बघून फोन करायला आम्हाला वेळ नसतो. फोन करायचा तर आधी ओरडायचं नाही, का नाही आलात विचारायचं नाही, पहिल्या डोसनंतर काही त्रास झाला का हे विचारायचं, आणि झाला असेल तर ऐकून लिहून घ्यायचं आणि आम्हाला द्यायचं. निम्मे तेवढ्यानंच येतात. जे अंथरुणावर आहेत त्यांची घरं शोधून द्या, आमची टीम घरी जाते पण कुठे जायचं ते कुणी तरी सांगायला लागतं. रांगेत उभं राहून लोकांचे प्रश्न आधीच विचारून ठेवा, ॲलर्जी, गरोदरपण, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, म्हणजे टेबलापर्यंत येईतो माझी दोन मिनिटं वाचतात आणि ती मी ज्याला खरंच भीती वाटतेय त्याला देऊ शकते. फक्त औषधाबद्दल स्वतः उत्तर देऊ नका, "सिस्टरना विचारू" म्हणा. आणि कुणी लस न घेता परत निघालं तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला सांगा की आम्ही पुढच्या आठवड्यात पण इथेच आहोत, आणि मग पुढच्या आठवड्यात खरंच तिथे असा. सत्र रद्द होणार असेल तर आदल्या संध्याकाळी सगळ्यांना कळवा, कारण बंद दारावरून परत गेलेला माणूस आणायला आम्हाला सगळ्यात जड जातं.